काट्याचा आकडा हलला की आख्खा फॉर्म अडखळते, शेअर्ड स्टेट ठेवावी कुठं?

काटापट्टी

राजेहो, जिनिंगच्या कापूस खरेदीचं ऍप आहे, रिऍक्ट १८ या वेब-स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत. चार स्क्रीन: गेटवर गाडीची नोंद आणि टोकन, ग्रेडरचा ओलावा-प्रत-भाव, काट्यावर भरती (भरलेल्या गाडीचं) आणि खाली (रिकाम्या गाडीचं) वजन, ऑफिसात चुकारा (शेतकऱ्याचे पैसे). काट्याच्या खोलीत ४ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर, सर्व्हरही त्याच्यावरच. ग्रेडरच्या हातात टॅबलेट, ऑफिसात एक मशीन, सगळे लोकल वायफायवर. इंटरनेट असलं तर असलं.

स्टेट (ऍपनं चालू असताना लक्षात ठेवायची माहिती) सगळी एकाच ऍप-कॉन्टेक्स्टमध्ये (सगळ्या स्क्रीनना वाचता येणारी सामायिक जागा), एकच यूज-स्टेट, एकच ऑब्जेक्ट: आजचा भाव, काट्याचा चालू आकडा, उघडलेली गाडी, दिवसभराच्या गाड्यांची यादी, लॉगिन, भाषा. आता हे होऊन राहिलं:

१. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलनं आकडा येते, छोटा प्रोग्राम तो वेबसॉकेटवर (ब्राउझरशी सतत उघडी राहणारी जोडणी) सोडते, सेकंदाला ८ वेळा. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचं नाव टाइप करताना अक्षरं मागून उमटतात. यादीच्या ओळींना रिऍक्ट-मेमो (ओळ विनाकारण पुन्हा काढणं टाळणारं वेष्टण) लावून पाहिला, फरक शून्य. ओळीत भाषेसाठी कॉन्टेक्स्ट वाचतो.

२. दुपारी भाव ७,१५० चा ७,१०० केला, तर सकाळच्या, चुकारा बाकी असलेल्या पावत्यांची रक्कमही बदलली.

३. लाइन (वीज) गेली की भरती झालेली, खाली वजन बाकी असलेली गाडी स्क्रीनवरून गायब. गाडी तिकडं रिकामी होऊन राहिली अन् इकडं तिचं भरती वजनच नाही.

४. सेव्ह दाबलं, काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, की दोन पावत्या.

रिडक्स घालू, झुस्टँड घालू (दोन्ही स्टेट सांभाळायच्या लायब्ररी), की कॉन्टेक्स्टच नीट करू? सीतादहीच्या (कापूस वेचणीच्या मुहूर्ताच्या) आत उभं राहिलं पाहिजे.

---

रुईसरकी

लायब्ररीचं नंतर पाहू. तुमच्या त्या एका ऑब्जेक्टमध्ये सहा मालकांचा माल एकाच गंजीत ओतला आहे. प्रत्येक गोष्टीला एवढंच विचारा: हा आकडा खरा राहतो कुठे, आणि बदलायचा हक्क कोणाचा?

चालू वजनाचा मालक काटा. ऍपनं ते फक्त दाखवायचं. आजचा भाव आणि गाड्यांची यादी सर्व्हरची, तुमच्या ब्राउझरात असते ती तिची प्रत. कोणती गाडी उघडी आहे हे यूआरएलमध्ये ठेवा, टोकन क्रमांकानं. रीफ्रेश केल्यावर तीच गाडी उघडते. नाव टाइप होत आहे तोवर ते फॉर्मच्या स्वतःच्या यूज-स्टेटमध्ये. लॉगिन आणि भाषा दिवसातून एखाद्या वेळी बदलणार, त्यांना कॉन्टेक्स्ट उत्तम. शेअर्ड स्टेट म्हणावी अशी खरी एकच गोष्ट उरते: अर्धवट पावती, म्हणजे टोकन फाडलेल्या पण काम पुरं न झालेल्या गाडीची नोंद.

मेमोनं फरक का पडला नाही? मेमो फक्त प्रॉप्स (कंपोनंटला, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्याला, बाहेरून दिलेल्या किमती) ताडून पाहतो. कंपोनंटच्या आत यूज-कॉन्टेक्स्ट असेल आणि प्रोव्हायडरची (कॉन्टेक्स्ट पुरवणाऱ्या कंपोनंटची) व्हॅल्यू बदलली, तर मेमोला विचारतच नाही, तो कंपोनंट पुन्हा रेंडर होतोच, म्हणजे नव्यानं काढला जातो. तुम्ही दर आकड्याला नवा ऑब्जेक्ट बनवता, म्हणजे व्हॅल्यू दर वेळी नवी. ओळीला पाहिजे फक्त भाषा, पण तिला काट्याचा प्रत्येक हेलकावा ऐकावा लागतो. यादीत १४० गाड्या असतील तर १४० × ८, म्हणजे सेकंदाला १,१२० ओळी पुन्हा रेंडर. ६० फ्रेमच्या स्क्रीनला एका फ्रेममागे १६ मिलिसेकंदच मिळतात. कीबोर्डवर दाबलेलं अक्षर त्या रांगेत मागे उभं.

चालू आकडा रिऍक्टच्या बाहेर काढा. एक वेगळी फाइल, तिच्यात तीन वस्तू: एक साधा चल ज्यात शेवटचं वजन, ऐकणाऱ्यांचा एक सेट, आणि सब्स्क्राइब व गेट-स्नॅपशॉट ही दोन फंक्शनं. वेबसॉकेटवर आकडा आला की चल बदला आणि सेटमधल्या प्रत्येकाला हाक मारा. वजन दाखवणाऱ्या मोठ्या अंकांच्या कंपोनंटमध्ये यूज-सिंक-एक्स्टर्नल-स्टोअर हुकला (कंपोनंटच्या आत वापरायचं रिऍक्टचं फंक्शन) ही दोन फंक्शनं द्या. हा हुक १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, रिऍक्टमध्येच आहे. वेगळं काही बसवायचं नाही. आता सेकंदाला ८ वेळा एकच कंपोनंट रेंडर होईल, बाकी पान शांत.

यात चार जागी पाय घसरतो.

गेट-स्नॅपशॉटमधून ऑब्जेक्ट परत करू नका, नुसता नंबर करा. काही बदललं नसताना दर वेळी नवा ऑब्जेक्ट दिला तर रिऍक्ट समजतं की डेटा बदलला, आणि रेंडर थांबतच नाही.

सब्स्क्राइब फंक्शन कंपोनंटच्या बाहेर लिहा. आत लिहिलं की दर रेंडरला नवं फंक्शन, म्हणजे दर वेळी जुनं सोडून नव्यानं जोडणं.

वेबसॉकेट यूज-इफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर चालणारा हुक) उघडत असाल तर त्याच्या क्लीनअपमध्ये (आवरायच्या फंक्शनमध्ये) बंद करा. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुका उघड करणारी रिऍक्टची सेटिंग) इफेक्ट दोनदा चालवतो; क्लीनअप नसला की दोन सॉकेट उघडे राहतात आणि सेकंदाला १६ आकडे दिसू लागतात.

चौथी चूक पैशाची आहे. केबल सैल झाली की आकडे यायचे थांबतात, पण स्क्रीनवर आधीच्या गाडीचं वजन तसंच राहतं, आणि पुढच्या गाडीला तेच लागतं. २ सेकंद आकडा आला नाही तर वजन 'नल' (रिकामं) करा आणि स्क्रीनवर रेघ दाखवा. त्यासाठी आकडा तोच आला तरी आल्याची वेळ नोंदवा. तेव्हा ऐकणाऱ्यांना मात्र हाक मारू नका. वजन बदललं तरच वेळ नोंदवण्याचा शहाणपणा केला, तर स्थिर उभ्या गाडीचं वजनही २ सेकंदांनी पुसलं जाईल.

'वजन घ्या' बटण कधी चालू करायचं तेही याच फाइलमध्ये ठरवा. सेकंदाला ८ धरले तर शेवटचे १२ आकडे, म्हणजे दीड सेकंद, काट्याच्या एका टप्प्याच्या आत असले पाहिजेत. काट्याचा आकडा ५-५ किलोनं बदलत असेल तर ५, १०-१० नं बदलत असेल तर १०. बरेच इंडिकेटर त्याच ओळीत स्थिर-अस्थिरची खूण पाठवतात. तुमचा पाठवत असेल तर स्वतःचा हिशेब नको, तीच खूण वापरा.

आता भाव. 'आजचा भाव' आणि 'पावतीवरचा भाव' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकाच चलाला दोन्ही कामं दिली. ग्रेडरनं भाव लावला त्या क्षणी तो आकडा पावतीत उतरवा, आणि सर्व्हरच्या टेबलातही पावतीच्या ओळीत भाव म्हणूनच लिहा. नुसता भाव-पत्रकाचा आयडी ठेवला आणि कोणी ते पत्रकच दुरुस्त केलं, की हीच गंमत पुन्हा.

उलट निव्वळ वजन आणि रक्कम स्टेटमध्ये ठेवूच नका. भरती, खाली आणि भाव असले की त्या निघतात. साठवल्या की एक दिवस खाली वजन दुरुस्त होईल आणि रक्कम जुनीच राहील.

अपूर्णांकही टाळता येतात. रुपये प्रति क्विंटल आणि पैसे प्रति किलो हा आकडा एकच असतो, कारण इकडे १०० किलो आणि तिकडे १०० पैसे. भरती ४,३८०, खाली २,१६०, निव्वळ २,२२० किलो. भाव ७,१५०. गुणा: १,५८,७३,००० पैसे, म्हणजे १,५८,७३० रुपये. किलो पूर्णांकात, पैसे पूर्णांकात, कुठेच दशांश नाही. ओलाव्याची कपात टक्क्यात आली की मात्र अपूर्णांक येणारच. २,२२० चे २ टक्के ४४.४ किलो. तो कुठे आणि कसा पूर्ण करायचा हे एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि तेच फंक्शन स्क्रीन व सर्व्हर दोघांनी वापरावं. स्क्रीनवर एक आणि पावतीवर दुसरं आलं की भांडण काट्यावरच्या माणसाला निस्तरावं लागते.

---

धुऱ्यावरून

वरच्या उत्तरात एक भर. कॉन्टेक्स्ट न वाचणारे कंपोनंटही तुमच्याकडे रेंडर होत असतील, कारण यूज-स्टेट बहुतेक ऍप कंपोनंटमध्येच आहे आणि सगळी स्क्रीन त्याच्या आतच लिहिली आहेत. पालक रेंडर झाला की लेकरं होतातच. प्रोव्हायडरचा वेगळा कंपोनंट करा, त्याला बाकी झाड चिल्ड्रन प्रॉप म्हणून द्या. मग त्याची स्टेट बदलली तरी चिल्ड्रनचा संदर्भ तोच राहतो, आणि कॉन्टेक्स्ट न वाचणाऱ्यांना रिऍक्ट हात लावत नाही. लॉगिन आणि भाषा दोन वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये टाका, व्हॅल्यूला यूज-मेमो लावा. इथवर कोणतीच लायब्ररी लागत नाही, आणि तुमची तक्रार क्रमांक १ याच्यातच मिटते.

अर्धवट पावतीसाठी मात्र स्टोअर घ्या. आधी तिची रचना. माझ्या मते खरी चूक लायब्ररी निवडताना होत नाही, इथं होते. 'भरती झाली', 'खाली झालं', 'ग्रेड झाला', 'छापली' असे चार खरे-खोटे (हो-नाही) रकाने ठेवले तर १६ जोड्या होतात, त्यातल्या पाचच शक्य असतात. बाकीच्या ११ कधी ना कधी कोणीतरी घडवतंच. त्यापेक्षा एकच 'टप्पा' ठेवा: टोकन, ग्रेड, भरती, खाली, पावती. पुढे सरकण्याचा रस्ता एकाच फंक्शनमधून. भरती नसताना खाली वजन आलं तर नाकारा; खाली वजन भरतीपेक्षा जास्त आलं तर नाकारा आणि कारण दाखवा. ड्रायव्हर काट्यावर गाडीत बसून राहिला की उतरला हे सॉफ्टवेअरला कळणार नाही, पण उलटं वजन तरी कळतं.

रिडक्स की झुस्टँड? चार स्क्रीन आणि एक-दोन माणसं असतील तर झुस्टँड पुरे. प्रोव्हायडर लागत नाही, स्टोअर म्हणजे एक हुक, आणि कंपोनंट पाहिजे तेवढाच तुकडा उचलतो. रिडक्स टूलकिट घ्यायचं एक ठोस कारण आहे: 'ही पावती कोणत्या क्रमानं बदलली' हे दाखवायची वेळ वारंवार येत असेल, तर ऍक्शनची (प्रत्येक बदलाच्या निरोपाची) नोंद डेव्हटूल्समध्ये ओळीनं मिळते. घेतलं तर २०१५-१६ चे धडे पाहून स्विच-केसचा रिडक्स लिहू नका. टूलकिटमध्ये क्रिएट-स्लाइस आहे; आत इमर ही लायब्ररी असल्यामुळे थेट बदलल्यासारखं लिहिलं तरी ते नवी प्रत बनवतं. फक्त एका रिड्यूसरमध्ये (स्टेट बदलणाऱ्या फंक्शनमध्ये) आतला बदलही करायचा आणि नवीन ऑब्जेक्टही परत करायचा, हे दोन्ही एकदम चालत नाही. इमर एरर देतं.

गाड्यांची यादी आणि भाव झुस्टँडमध्येही नको, रिडक्समध्येही नको. ती सर्व्हरची प्रत आहे. टॅनस्टॅक क्वेरी लावा, ती सर्व्हरचा डेटा मागवून जपणारी लायब्ररी आहे. मूळ सेटिंग माहीत असू द्या, नाहीतर गोंधळ वाटते: स्टेल-टाइम ० असतो, म्हणजे आलेला डेटा आला तेव्हाच शिळा धरतात, विंडोवर परत आलं की पुन्हा मागवतं, वापरात नसलेली क्वेरी ५ मिनिटांनी टाकून देतं, क्वेरी फसली तर ३ वेळा पुन्हा प्रयत्न करतं. तुमच्याकडे यादीला स्टेल-टाइम १० सेकंद ठेवा. भावासाठी वेळ मोजत बसू नका. भाव बदलला की सर्व्हरनं त्याच वेबसॉकेटवर एक निरोप सोडावा आणि तो आला की भावाची क्वेरी इनव्हॅलिडेट करावी (शिळी ठरवून पुन्हा मागवावी).

अन् क्वेरीतून आलेला डेटा यूज-इफेक्टनं उचलून यूज-स्टेटमध्ये ओतू नका. एकाच यादीच्या दोन प्रती होतात, आणि एक नेहमी दुसरीच्या मागे एक रेंडर चालते.

---

काटापट्टी

आकडा बाहेर काढला, प्रोव्हायडर वेगळा केला. टाइपिंग मोकळं झालं. प्रोफायलरमध्ये (कोणते कंपोनंट रेंडर झाले ते दाखवणारं साधन) आता फक्त वजनाचा डबा रंगतो, बाकी राखाडी. भाव पावतीत उतरवला. पैसे-किलोची युक्ती झकास.

झुस्टँड ५ आणि त्याचं पर्सिस्ट (साठा ब्राउझरात जतन करणारी सोय) लावलं, तर तीन नवीन:

क) एका कंपोनंटमध्ये सिलेक्टरमधून (स्टोअरचा तुकडा उचलणारं फंक्शन) टोकन आणि टप्पा असे दोन्ही ऑब्जेक्टमध्ये काढले, तर 'मॅक्झिमम अपडेट डेप्थ एक्सीडेड'.

ख) पावतीचा आयडी बनवायला क्रिप्टो-रँडम-यूयूआयडी घेतलं. काट्याच्या मशीनवर चालते, टॅबलेटवर म्हणते असं फंक्शनच नाही. दोन्हीकडे क्रोमच आहे, नवीनच आहे.

ग) लाइन जाऊन आल्यावर पावती परत आली, पण भरतीच्या वेळेवर गेट-टाइम चालवलं की एरर.

आणि दोन पावत्यांचं अजून तसंच आहे.

---

तुराटी

क) सिलेक्टर दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवून देत आहे. पाचव्या आवृत्तीत झुस्टँड थेट यूज-सिंक-एक्स्टर्नल-स्टोअरवर बसलं आहे, त्यामुळे वर रुईसरकी भाऊंनी सांगितलेलीच गोष्ट: संदर्भ दर वेळी नवा, रेंडर न थांबणारं. दोन उपाय. सरळ उपाय, दोन वेगळे सिलेक्टर, एक टोकनचा, एक टप्प्याचा. दुसरा, सिलेक्टरला यूज-शॅलो गुंडाळा. तो आतल्या किमती एकेक करून ताडतो. सिलेक्टरमध्ये फिल्टर किंवा मॅप चालवत असाल तर तीच गत, कारण तेही नवा ऍरे देतात. पूर्ण ऍरे उचला आणि फिल्टर कंपोनंटमध्ये यूज-मेमोत करा. जुन्या धड्यांमध्ये हुकला दुसरा पॅरामीटर म्हणून तुलनेचं फंक्शन देतात; ते पाचव्या आवृत्तीच्या साध्या क्रिएटमध्ये राहिलं नाही.

ख) ब्राउझर नवा असून उपयोग नाही, पत्ता पाहा. काट्याच्या मशीनवर ऍप लोकलहोस्टवर उघडते, तिला ब्राउझर सुरक्षित मानतं. टॅबलेटवर १९२.१६८ नं सुरू होणारा साधा एचटीटीपी पत्ता आहे, तो सुरक्षित नाही, म्हणून ते फंक्शन तिथं दिलंच जात नाही. क्रिप्टोचं गेट-रँडम-व्हॅल्यूज मात्र साध्या एचटीटीपीवरही मिळतं. यूयूआयडी नावाचं पॅकेज गरज पडली तर तेच वापरतं, ते टाका, झालं. पुढे सर्व्हिस वर्करनं ऑफलाइन पान ठेवायचं असेल तर तोही याच अटीत अडकणार. तेव्हा एमकेसर्ट या साधनानं लोकल सर्टिफिकेट बनवून एचटीटीपीएस करावं लागेल, आणि त्याचं मूळ सर्टिफिकेट प्रत्येक टॅबलेटमध्ये हातानं बसवावं लागेल. हे विसरलं की 'माझ्या मशीनवर तर चालते' सुरू.

ग) पर्सिस्ट मूळ सेटिंगमध्ये सगळं जेसनमध्ये करून लोकल-स्टोरेजमध्ये टाकतं. जेसनमधून डेट परत येते ती स्ट्रिंग होऊन. मॅप आणि सेट रिकामे ऑब्जेक्ट होऊन येतात. वेळ मिलिसेकंदांच्या नंबरमध्ये ठेवा, दाखवतानाच डेट बनवा.

पर्सिस्टमध्ये आणखी दोन गोष्टी आताच करा. पार्शलाइज देऊन फक्त अर्धवट पावत्या जतन करा. लोकल-स्टोरेज लिहिताना मुख्य थ्रेड अडवतं आणि जागा साधारण ५ एमबी. काट्याचा चालू आकडा चुकून त्यात गेला तर सेकंदाला ८ वेळा लिहिणं; शिवाय लाइन आल्यावर मेलेला आकडा जिवंत होऊन स्क्रीनवर बसेल. दुसरं, व्हर्जन आणि मायग्रेट (जुना साठा नव्या रचनेत उतरवणारं फंक्शन). पावतीची रचना बदलून व्हर्जन १ चं २ केलं आणि मायग्रेट दिलं नाही, तर पर्सिस्ट कन्सोलवर एरर टाकून जुना साठा वापरतच नाही. मधल्या हंगामात असं अपडेट टाकलं तर यार्डात उभ्या गाड्यांची भरती वजनं गेली. अपडेट रात्री सगळ्या गाड्या खाली झाल्यावर टाका, आणि मायग्रेटही लिहा.

आता दोन पावत्या. बटण डिसेबल करून हे सुटत नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, पावती लिहिली जाते, आणि उत्तर येताना वायफाय तुटतं. ब्राउझरला वाटतं फसलं. म्हणून आयडी सेव्ह दाबताना बनवू नका. गाडीचं टोकन फाडलं तेव्हाच बनवा आणि अर्धवट पावतीसोबत जतन करा. मग सेव्ह एकदा दाबा की दहादा, लाइन जाऊन आल्यावर दाबा, आयडी तोच. सर्व्हरवर त्या रकान्याला युनिक बंधन घाला, आणि तोच आयडी पुन्हा आला तर एरर न देता आधी लिहिलेली पावती परत पाठवा. एरर दिला तर ऑपरेटर घाबरून नवीन टोकन फाडते, अन् पुन्हा दोन.

पावती क्रमांक मात्र ब्राउझरनं देऊ नये. दोन मशीन एकाच वेळी सर्व्हरपासून तुटल्या तर दोघी १४३ नंबर देतील. क्रमांक सर्व्हरचा, तोवर कागदावर टोकन क्रमांक.

एक छुपा फास सांगून ठेवतो. टॅनस्टॅकचा मूळ नेटवर्क-मोड 'ऑनलाइन' आहे. भारनियमनात कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तर चालू राहते आणि राउटर बंद पडते. ब्राउझर म्हणतो ऑफलाइन. मग म्युटेशन (सर्व्हरवर बदल लिहायची विनंती) फसत नाही, ते थांबून राहतं, आणि बटणावरचं चक्र फिरतच राहतं. काट्याच्या मशीनवर तर सर्व्हर लोकलहोस्टवर आहे, त्याला राउटर लागतच नाही! तिथं नेटवर्क-मोड 'ऑलवेज' करा. टॅबलेटवर उलटं: वायफाय जोडलेलं दिसते पण सर्व्हरची मशीन बंद. नॅव्हिगेटर-ऑनलाइन (ब्राउझरची नेटवर्क आहे का सांगणारी खूण) तिथंही 'ऑनलाइन' असंच सांगते, कारण त्याला फक्त नेटवर्क जोडलं आहे का एवढंच कळतं. म्हणून सर्व्हर आहे की नाही हे वेबसॉकेट जिवंत आहे का यावरून ठरवा, आणि राउटरही यूपीएसवर घ्या. कोडपेक्षा ते स्वस्त पडते.

थांबलेली म्युटेशनं मेमरीत असतात. पान रीफ्रेश झालं की गेली. ती जतन करायची सोय आहे, पण फंक्शन जेसनमध्ये जात नाही, त्यामुळे सेट-म्युटेशन-डिफॉल्ट्सनं फंक्शन वेगळं नोंदवून नंतर रिझ्यूम करावं लागतं. तुमच्या कामाला एवढी ओढाताण नको. अर्धवट पावतीलाच 'पाठवायची' असा सहावा टप्पा 'खाली' आणि 'पावती' यांच्या मधे घाला. वेबसॉकेट जोडला गेला की त्या टप्प्यातल्या सगळ्या एकेक करून, जुनी आधी, पाठवा. सर्व्हरचं उत्तर आलं की 'पावती' करा. आयडी पक्का असल्यामुळे एखादी दोनदा गेली तरी बिघडत नाही.

---

धुऱ्यावरून

तुराटींच्या त्या सहाव्या टप्प्याला एक अट. 'पाठवायची' झालेल्या पावतीचं वजन आणि भाव स्क्रीनवरून बदलता येऊ नये. नाहीतर पहिली विनंती जुन्या वजनाची पोचलेली, दुसरी नव्या वजनाची. सर्व्हर आयडी पाहून जुनीच परत देईल, आणि ऑपरेटर म्हणेल मी तर दुरुस्त केलं होतं. दुरुस्ती पावती झाल्यावर, वेगळ्या नोंदीनं.

---

काटापट्टी

क, ख, ग तिन्ही सुटले. एक शेवटचं विचारतो: काट्यावरचा माणूस तेच ऍप दोन टॅबमध्ये उघडून ठेवते. एका टॅबमध्ये खाली वजन घेतलं, दुसऱ्यात गाडी अजून भरतीवरच, आणि थोड्या वेळानं पहिल्यातलीही मागे गेली.

---

रुईसरकी

दोन्ही टॅबचं लोकल-स्टोरेज एक, पण मेमरीतली स्टेट वेगवेगळी. दुसऱ्या टॅबनं काहीही बदललं की तो स्वतःचा जुना साठा आख्खा वर लिहितो. रीफ्रेश केलं की तो जुनाच वाचला जातो.

दुसऱ्या टॅबला कळवायला 'स्टोरेज' इव्हेंट आहे. लिहिणाऱ्या टॅबला तो येत नाही, बाकीच्यांना येतो, तेवढंच पाहिजे. तो आला आणि त्यातलं साठ्याचं नाव (की) तुमच्या स्टोअरचं असलं, की पर्सिस्टचं रीहायड्रेट चालवा, म्हणजे साठा पुन्हा वाचला जातो. यानं बहुतेक वेळा भागते, पण दोन्ही टॅबनी एकाच क्षणी लिहिलं तर नाही. काट्याच्या स्क्रीनला म्हणून मी कडक नियम लावेन: ब्रॉडकास्ट-चॅनेलवर (टॅबांनी एकमेकांना निरोप द्यायची ब्राउझरची सोय) उघडताना हाक द्यायची, कोणी ओ दिली तर नव्या टॅबमध्ये 'काटा दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आहे' एवढंच दाखवून थांबायचं. अर्धा सेकंद वाट पाहिली तरी पुरे. वेब-लॉक्स (एका वेळी एकाच टॅबला कुलूप देणारी सोय) यापेक्षा पक्कं आहे, पण त्यालाही सुरक्षित पत्ता लागतो. काट्याची मशीन लोकलहोस्टवर आहे, तिथं चालेल.

टॅब एका मशीनवरचे झाले. ग्रेडरचा टॅबलेट आणि ऑफिस एकाच गाडीला हात लावतात तेव्हा ब्राउझरातली कोणतीच युक्ती कामाची नाही. पावतीच्या ओळीत एक आवृत्ती क्रमांक ठेवा. बदल पाठवताना 'मी ३ वरून बदलतो आहे' असं सांगा. सर्व्हरवर ४ झाला असेल तर ४०९ (टक्कर झाल्याचा एचटीटीपी कोड) परत, आणि स्क्रीननं नवी पावती मागवून दोन्ही आकडे शेजारी दाखवावे. कोणता खरा ते ग्रेडरला विचारा.